हंट्सव्हिलला जावं का? घराच्या किमतीआधी दुसरा पर्याय मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहता. नवऱ्याला अलाबामातल्या हंट्सव्हिलमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी इंजिनियरची नोकरी चालून आली आहे, पगार आत्तापेक्षा साधारण पंधरा टक्के कमी. ते एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर आहेत, आय-१४० (मालकाने ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज) मंजूर आहे, ग्रीन कार्डाची रांग हलत नाही. तुम्ही एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावरच्या वर्क परमिटवर औषध कंपनीत डेटाचं काम करता. मुलगी आठवीत, मुलगा दुसरीत. सासूबाई दर उन्हाळ्यात सांगलीहून येतात. २०२० मध्ये घेतलेलं टाउनहाउस आहे. घर स्वस्त, गर्दी कमी, शाळा चांगल्या असं सगळे सांगतात, पण एकदा उठून गेल्यावर आपलं रोजचं जगणं सुधारेल की नाही हे मोजायचं कसं, असं तुम्ही विचारलं आहे.

अलाबामा आणि टेनेसीमध्ये बाहेरून येणाऱ्या कुटुंबांना घर शोधून देणं आणि त्यांचं बस्तान बसवून देणं हेच काम मी बरीच वर्षं करते आहे. त्या अनुभवावरून सांगते. दक्षिणेतल्या मध्यम आकाराच्या शहरात प्रत्येक गोष्टीचा पहिला पर्याय बहुधा चांगला असतो. चांगली नोकरी असते, चांगली शाळा असते, मोठं हॉस्पिटल असतं, देऊळही असतं. भेट द्यायला येणाऱ्याला हे पहिले पर्याय दिसतात आणि तो खूश होऊन परत जातो. कुटुंबं अडतात ती पहिला पर्याय हातचा गेल्यावर. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच विचारते: ही नोकरी गेली तर दुसरी कोणती? हा डॉक्टर पटला नाही तर दुसरा किती मैलांवर? ही शाळा मानवली नाही तर पुढे काय? एडिसनमध्ये हे प्रश्न पडत नाहीत, कारण तिथे दुसरा, तिसरा, दहावा पर्याय अर्ध्या तासाच्या आत असतो. त्या सोयीची किंमत तुम्ही तिथल्या घराच्या हप्त्यातून भरता. इथे हप्ता कमी आहे, कारण ती सोय कमी आहे.

२०२२ मध्ये यू. एस. न्यूजच्या यादीत राहण्यासाठी देशातलं सर्वांत चांगलं शहर म्हणून हंट्सव्हिलचा पहिला क्रमांक आला आणि तेव्हापासून मला येणाऱ्या फोनची संख्या वाढली. यादी चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. घराची किंमत, पगार, कामावर जायला लागणारा वेळ, असे आकडे एकत्र करून ती बनते आणि त्या आकड्यांत हे शहर खरंच उजवं आहे. पण ते सगळे सरासरीचे आकडे आहेत. त्या सरासरीतला माणूस अमेरिकेचा नागरिक आहे, त्याचे आईवडील दोन तासांच्या अंतरावर राहतात आणि त्याला व्हिसाची चिंता नाही. तुमचा हिशोब वेगळा आहे.

सुरुवात नोकरीपासून करते, कारण तुमच्या बाबतीत बाकी सगळं तिच्यावर टेकलेलं आहे.

हंट्सव्हिल हे कापसाचं आणि सूतगिरण्यांचं गाव होतं. १९५० मध्ये वेर्नर फॉन ब्राउन आणि त्यांचे जर्मन सहकारी इथल्या रेडस्टोन आर्सेनल या लष्करी तळावर आले, १९६० मध्ये नासाचं मार्शल केंद्र सुरू झालं आणि माणसाला चंद्रावर नेणाऱ्या सॅटर्न-पाच रॉकेटचं काम इथे झालं. १९६२ पासून उभं राहिलेलं कमिंग्ज रिसर्च पार्क देशातल्या सर्वांत मोठ्या संशोधन-उद्योग वसाहतींपैकी एक आहे. एफबीआयने आपली बरीच कामं इथे हलवली आणि अमेरिकेच्या स्पेस कमांडचं मुख्यालय कोलोरॅडोहून इथे आणण्याची घोषणा सप्टेंबर २०२५ मध्ये झाली. २०२० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या दोन लाख पंधरा हजारांवर गेली होती, आता ते बर्मिंगहॅमला मागे टाकून राज्यातलं सर्वांत मोठं शहर झालं आहे. हे सगळं ऐकून इंजिनियर माणसाला वाटतं की इथे कामाला तोटा नाही.

पण या नोकऱ्यांचा मोठा भाग सिक्युरिटी क्लिअरन्सचा, म्हणजे गुप्त कामासाठी सरकारी परवानगी लागणारा आहे, आणि क्लिअरन्ससाठी अमेरिकेचं नागरिकत्व लागतं. क्लिअरन्स न लागणाऱ्या संरक्षण क्षेत्रातल्या कितीतरी जागांनाही निर्यात-नियंत्रणाचे नियम लागू असतात आणि तिथे निदान ग्रीन कार्ड तरी मागतात. म्हणजे शहरातल्या ज्या नोकऱ्यांची जाहिरात होते, त्यांतल्या बहुतेक तुमच्या नवऱ्यासाठी नाहीतच. उरतात मोटार उद्योग, हॉस्पिटल, विद्यापीठ, हडसनअल्फासारखी जीवतंत्रज्ञान संस्था आणि त्यांच्या आजूबाजूच्या लहान कंपन्या. मोटारीत इथे माझदा-टोयोटाचा कारखाना २०२१ पासून चालू आहे, टोयोटाचा इंजिनांचा कारखाना त्याच्या आधीपासून आहे. राज्यात पुढे व्हॅन्सला मर्सिडीज, लिंकनला होंडा, माँटगोमेरीला ह्युंदाई. कागदावर हे दुसरे पर्याय भरपूर वाटतात. पण गाड्यांचा धंदा बसला की तो सगळीकडे एकदमच बसतो, आणि यातले निम्मे कारखाने रोज ये-जा करता येईल अशा अंतरावर नाहीत.

आता यात साठ दिवस मिळवा. एच-वन-बीवर असताना नोकरी गेली की दुसरा मालक शोधून अर्ज दाखल करायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. न्यू जर्सीत राहतं घर, मुलांची शाळा काही न हलवता दुसरी नोकरी मिळण्याची शक्यता बरी असते. इथे साठ दिवसांत दुसरी नोकरी मिळाली तरी ती अटलांटा किंवा नॅशव्हिलला असण्याचा संभव मोठा, म्हणजे पुन्हा बिऱ्हाड उचलणं आलं. तुमचा आय-१४० मंजूर असल्यामुळे प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तुमची जागा ठरवणारी तारीख, टिकेल, पण नवा मालक म्हणजे पर्म (ग्रीन कार्डाआधी मालकाला कामगार खात्याकडून घ्यावी लागणारी मंजुरी) आणि आय-१४० नव्याने. हे काम तो किती महिन्यांत सुरू करणार, हे ऑफर स्वीकारण्याआधी लेखी घ्या. तोंडी आश्वासन देणारा मॅनेजर सहा महिन्यांनी त्या कंपनीत असेलच असं नाही.

तुमच्या स्वतःच्या नोकरीबद्दल तुम्ही पत्रात फक्त अर्धं वाक्य लिहिलं आहे. मी त्यावर जास्त बोलणार आहे, कारण इथे आलेल्या घरांमध्ये खरी ओढाताण मी तिथेच पाहिली. नवऱ्याची बदली होते, पगार कमी-जास्त होतो, मोठं घर मिळतं आणि बायकोचं काम सुटतं. औषध कंपन्यांचा जो पट्टा न्यू जर्सीत आहे तसा इथे नाही. तुमची सध्याची कंपनी अलाबामातून काम करायची परवानगी देते का, हे आधी पाहा. देत असेल तर तेही लेखी घ्या, आणि ऑफिसात परत बोलावलं तर काय, हेही विचारा. देत नसेल तर तुमच्या घरच्या हिशोबात पंधरा टक्के घट नाही, एक अख्खा पगार शून्य धरा आणि मग घर स्वस्त वाटतंय का ते बघा. दोन वर्षं घरी बसलेल्या बाईला चार बेडरूमच्या घराचं कौतुक राहत नाही. माझ्यासमोर बसून हे बोललेल्या बायका खूप आहेत, आणि त्या सगळ्या शिकलेल्या, कमावत्या होत्या.

पैशाचा हिशोब त्यामानाने सरळ आहे. अलाबामातला मालमत्ता कर देशात अगदी तळाशी आहे. स्वतः राहत्या घराच्या किमतीच्या फक्त दहा टक्के रकमेवर कर आकारतात. हंट्सव्हिल शहराच्या दराने चार लाख डॉलरच्या घराला वर्षाला साधारण तेवीसशे डॉलर येतो. न्यू जर्सीची सरासरी दहा हजारांच्या आसपास आहे, तेव्हा फरक तुमच्या लक्षात येईलच. एक गोष्ट मात्र नवीन लोक हमखास विसरतात: घर घेतल्यावर काउंटीच्या कार्यालयात 'आम्ही स्वतः इथे राहतो' अशी नोंद करावी लागते. ती केली नाही तर तेच घर भाड्याने दिलेलं समजून दहाऐवजी वीस टक्क्यांवर कर बसतो. याउलट विक्रीकर इथे नऊ टक्के आहे आणि तो किराण्यावरही लागतो. राज्याने किराण्यावरचा आपला वाटा २०२३ पासून कमी करत आणला, शहराचा आणि काउंटीचा राहिला. वीज टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीची, म्हणून दर कमी, पण मे ते सप्टेंबर एसी बंद होत नाही. प्रत्येक मोठ्या माणसाला गाडी लागते, आणि मुलगी सोळा वर्षांची झाली की तिसरी. घराला वाळवीचा वार्षिक करार घ्यावाच लागतो. विम्यात वादळ आणि गारांसाठीची स्वतः भरायची रक्कम बऱ्याचदा घराच्या विमा रकमेच्या टक्क्यांत असते, म्हणजे छप्पर उडालं तर पहिले काही हजार डॉलर तुमचेच. हे सगळं धरूनही तुम्ही पुढेच राहाल, पण तुमच्या नवऱ्याने मांडलाय तितक्या फरकाने नाही.

एडिसनचं घर विकू नका, निदान लगेच नाही. २०२० चं कर्ज म्हणजे तुमचा व्याजदर तीन टक्क्यांच्या आसपास असणार, तो आता परत मिळणार नाही. शिवाय विक्रीच्या आधीच्या पाच वर्षांपैकी दोन वर्षं त्या घरात राहिलेलं असेल तर जोडप्याला पाच लाख डॉलरपर्यंतच्या नफ्यावर केंद्रीय कर माफ होतो. तुम्ही तिथे दोनापेक्षा बरीच जास्त वर्षं राहिला आहात, म्हणून घर भाड्याने देऊन तीन वर्षांच्या आत परत यायचं की विकायचं हे ठरवलंत तरी ही सवलत हातात राहते. तोपर्यंत हंट्सव्हिलला भाड्याने राहा. मी घरं विकून पोट भरते, तरी पहिल्या वर्षी घर घ्या असं मी तुमच्यासारख्या कुटुंबाला सांगत नाही.

शाळांचं तुम्ही ऐकलंत ते बरोबर आहे, पण त्यात एक खाच आहे. हंट्सव्हिलला लागून मॅडिसन नावाचं वेगळं शहर आहे. तिथल्या लोकांनी २०१९ मध्ये मतदान करून शाळांसाठी स्वतःचा मालमत्ता कर वाढवून घेतला. कर वाढवायला सहसा तयार नसणाऱ्या राज्यात हे घडलं, ही त्या गावाबद्दल खूप काही सांगणारी गोष्ट आहे. भारतीय कुटुंबं मोठ्या प्रमाणात मॅडिसन सिटी स्कूल्सकडे बघून घर घेतात. पण घराच्या पत्त्यात 'मॅडिसन' लिहिलंय म्हणून शाळा मॅडिसन सिटीची असेलच असं नाही. पत्ता टपाल खात्याचा असतो. तोच पत्ता लावणारी घरं हंट्सव्हिल शहराच्या, मॅडिसन काउंटीच्या किंवा लाइमस्टोन काउंटीच्या शाळांमध्येही मोडतात. रस्त्याच्या या बाजूचं घर एका शाळा-जिल्ह्यात आणि समोरचं दुसऱ्यात, असं प्रत्यक्ष आहे. भाड्याचा करार करण्याआधी पूर्ण पत्ता शाळेच्या कार्यालयाला सांगून खात्री करून घ्या, घरमालकाच्या जाहिरातीवर जाऊ नका.

मुलीच्या बाबतीत वेळ महत्त्वाची आहे. नववीपासून हायस्कूलच्या चार वर्षांचे गुण आणि क्रेडिट कॉलेजच्या अर्जात जातात. यायचं असेल तर याच उन्हाळ्यात, नववी सुरू होण्याआधी या. नाहीतर ती बारावी होईपर्यंत थांबा. दहावी-अकरावीत हलवलेल्या मुलांचं नुकसान मी जवळून पाहिलं आहे, मैत्रिणींचं आणि अभ्यासाचंही. इथे शाळा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातच भरते, सप्टेंबरच्या हिशोबाने निघालात तर पहिले तीन-चार आठवडे बुडतील. मुलीला गणित-विज्ञानाची ओढ असेल तर हंट्सव्हिलमध्ये सायबर तंत्रज्ञान आणि अभियांत्रिकीची राज्यस्तरीय निवासी शाळा २०२० पासून आहे, तिथे निवड होऊन प्रवेश मिळतो. तीच तिच्यासाठीचा दुसरा पर्याय.

हॉस्पिटलबद्दल बोलताना मी एक कृती सांगते, ती घरबसल्या करता येते. मुलाला दमा आहे असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. तुमच्या नव्या विम्याची यादी घ्या, त्यातल्या मुलांच्या ॲलर्जी-दम्याच्या डॉक्टरांच्या कार्यालयात फोन करा आणि एवढंच विचारा: "नवीन पेशंटसाठी पहिली तारीख कधीची आहे?" दुसऱ्या, तिसऱ्या डॉक्टरकडेही विचारा. तुमच्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञ, सासूबाईंसाठी हृदयरोगतज्ज्ञ. एका दुपारी होणारं हे काम कुठल्याही क्रमवारीपेक्षा जास्त सांगून जातं. हंट्सव्हिल हॉस्पिटल मोठं आहे, चांगलं आहे, पण या भागातली बरीचशी आरोग्यसेवा त्या एकाच व्यवस्थेभोवती फिरते. अवघड दुखणं असेल तर लोक बर्मिंगहॅमला विद्यापीठाच्या हॉस्पिटलात किंवा तिथल्या मुलांच्या हॉस्पिटलात जातात, साधारण शंभर मैल, किंवा नॅशव्हिलला व्हँडरबिल्टला, त्याहून थोडं लांब. नॅशव्हिल दुसऱ्या राज्यात आहे, म्हणून व्हँडरबिल्ट तुमच्या विम्याच्या जाळ्यात येतं का हे आधीच विचारून ठेवा. दम्याच्या मुलासाठी अजून एक: वसंतात इथे परागकण एवढे असतात की गाडीच्या काचेवर पिवळा थर बसतो.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी दोन मुलांच्या आईला हे सांगणं मला माझं काम वाटतं. जून २०२२ पासून अलाबामात गर्भपातावर जवळजवळ पूर्ण बंदी आहे. आईच्या जिवाला किंवा प्रकृतीला गंभीर धोका असेल तेवढाच अपवाद, बलात्काराचाही नाही. शेजारच्या टेनेसी आणि मिसिसिपीतही जवळजवळ तसंच, जॉर्जियात साधारण सहा आठवड्यांनंतर बंदी. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भ्रूणांना मूल मानल्यावर काही आयव्हीएफ केंद्रांनी काम थांबवलं होतं, मार्चमध्ये विधिमंडळाने त्यांना संरक्षण देणारा कायदा केल्यावर ते पुन्हा सुरू झालं. तुमची मतं काय आहेत हा माझा विषय नाही. गरोदरपणात गुंतागुंत झाली तर निर्णय कुणाच्या हातात असेल आणि कितीशे मैल जावं लागेल, हे येण्याआधी माहीत असावं. यात दुसरा पर्याय जवळपास कुठेच नाही.

आता वंशाचा आणि रंगाचा प्रश्न. तुम्ही तो फार अडखळत विचारला आहे, तसा संकोच करू नका. ९ सप्टेंबर १९६३ रोजी हंट्सव्हिलमध्ये सॉनी हियरफर्ड चौथा हा सहा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा वडिलांचा हात धरून गोऱ्यांच्या सरकारी शाळेत दाखल झाला, अलाबामातला पहिला. सहाच दिवसांनी बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बॉम्बस्फोट होऊन चार मुली मेल्या. दोन्ही गोष्टी याच राज्यातल्या, एकाच आठवड्यातल्या. हंट्सव्हिल तुलनेने मोकळं आहे, कारण इथे देशभरातून माणसं कामाला येतात. रोजच्या व्यवहारात तुम्हाला मुख्यतः आपुलकीच भेटेल. शेजारी ओळख करून घ्यायला येतील, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात "तुम्ही कोणत्या चर्चला जाता?" असं विचारतील. त्यात बहुधा आगाऊपणा नसतो, इथली ओळख तिथून सुरू होते. "आम्ही हिंदू आहोत, इथल्या देवळात जातो" असं हसून सांगा, गप्पा पुढे सरकतात.

पण फेब्रुवारी २०१५ मध्ये मॅडिसनमध्येच गुजरातहून मुलाकडे आलेले सत्तावन्न वर्षांचे एक गृहस्थ सकाळी फुटपाथवर चालत होते. कुणीतरी संशयित माणूस फिरतोय म्हणून पोलिसांना फोन केला. त्या गृहस्थांना इंग्रजी येत नव्हतं. पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटलं आणि त्यांच्या मानेला, मणक्याला गंभीर इजा झाली. राज्याच्या गव्हर्नरांनी भारत सरकारची माफी मागितली. त्या पोलिसावरच्या खटल्यात ज्यूरीचं दोनदा एकमत झालं नाही आणि शेवटी न्यायाधीशांनी त्याला निर्दोष सोडलं. भीती घालायला मी हे लिहीत नाही. तुमच्या सासूबाई पहाटे फिरायला जाणाऱ्या आहेत असं तुम्ही लिहिलंय, म्हणून लिहिते. त्या आल्या की पहिल्या आठवड्यात त्यांच्याबरोबर गल्लीत फिरा, शेजाऱ्यांशी ओळख करून द्या, तुमचा पत्ता आणि फोन लिहिलेलं कार्ड त्यांच्या खिशात ठेवा. माझ्या ओळखीच्या प्रत्येक घरी आम्ही हे करतो.

सासूबाईंचा विचार करताना घरही त्या दृष्टीने बघा. एडिसनच्या ओक ट्री रोडवर, भारतीय दुकानांच्या त्या रस्त्यावर, त्यांना ओळखीचं दुकान, ओळखीची भाषा मिळते. इथे हंट्सव्हिल-मॅडिसनमध्ये भारतीय किराण्याची दुकानं आहेत, पण बऱ्याच वसाहतींतून पायी कुठेच जाता येत नाही, काही ठिकाणी फुटपाथसुद्धा मधेच संपतो. तुम्ही दोघं कामावर, मुलं शाळेत, आणि सहा महिने त्या चार भिंतींत. भाड्याचं घर शोधताना दारातून निघून बागेपर्यंत किंवा ग्रंथालयापर्यंत चालत जाता येईल असं एक तरी ठिकाण आहे का, एवढं माझ्याकडे हट्टाने मागा. प्रवासाचंही तेच. मुंबईहून न्यूयॉर्कच्या बाजूला थेट विमान मिळतं. इथे यायचं तर मधे कुठेतरी विमान बदलून अटलांटा किंवा नॅशव्हिल, आणि पुढे अनुक्रमे साडेतीन आणि दोन तास गाडी. गावातला विमानतळ सोयीचा आहे, पण थेट उड्डाणं थोडी आणि तिकिटं बहुधा महाग.

आपली माणसं कुठे राहतात हे तुम्ही एजंटला विचाराल आणि तो उत्तर टाळेल, तेव्हा गैरसमज करून घेऊ नका. १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्यामुळे वंश, धर्म किंवा मूळ देश बघून गिऱ्हाइकाला एखाद्या वस्तीकडे वळवणं आम्हाला मना आहे. ते तुम्हीच बघायचं: रविवारी देवळाच्या पार्किंगमध्ये, क्रिकेटच्या मैदानावर, शाळेच्या स्नेहसंमेलनात. मराठी घरं इथे एडिसनच्या मानाने फारच थोडी. गणपती, दिवाळी होते, पण तेलुगू, गुजराती, तमिळ सगळे मिळून करतात, आणि आरतीत मराठी आवाज मोजकेच असतात. मराठी शाळा हवी असेल तर बृहन्महाराष्ट्र मंडळाचा अभ्यासक्रम आणून चार कुटुंबांनी घरात सुरू करावी लागते. काहींना अशा ठिकाणी उभारी येते, ज्यांनी एडिसनमध्ये फक्त तिकीट काढून कार्यक्रम पाहिले ते इथे स्वतः नाटक बसवतात. काही मात्र दर लाँग वीकेंडला अटलांटाकडे पळतात. तुम्ही दोघं यांपैकी कोण, हे तुम्हालाच माहीत.

टॉर्नेडोबद्दल नवऱ्याने "ते सगळीकडे असतं" असं म्हटलंय, ते खरं नाही. २७ एप्रिल २०११ रोजी एका दिवसात अलाबामात साठच्या वर टॉर्नेडो झाले, दोनशेहून जास्त माणसं गेली आणि मुख्य वीजवाहिन्या कोसळल्यामुळे हंट्सव्हिल जवळजवळ आठवडाभर अंधारात होतं. १९८९ च्या नोव्हेंबरमध्ये संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी शहरातल्या एअरपोर्ट रोडवर टॉर्नेडो आला, त्यात एकवीस जण गेले. मार्च ते मे मुख्य हंगाम, नोव्हेंबरात पुन्हा लहान हंगाम. इथल्या बहुतेक घरांना तळघर नसतं. म्हणून घर पाहताना गॅरेजमधे पोलादी निवारा आहे का, नसेल तर खिडकी नसलेली तळमजल्यावरची मधली खोली कोणती, आणि सार्वजनिक निवारा किती मिनिटांवर, हे मी बाथरूमच्या टाइल्सच्या आधी दाखवते. हवामानाचा इशारा देणारा रेडिओ घ्या, रात्री मोबाइल शांत ठेवला तरी तो उठवतो. तयारी असलेलं घर शांत झोपतं. डिकेटरच्या बाजूला भाडं कमी दिसेल, तिकडे पाणी कुठून येतं ते विचारा. तिथल्या कारखान्यांच्या रसायनांमुळे २०१६ मध्ये एका पाणीपुरवठा मंडळाला नळाचं पाणी पिऊ नका असं ग्राहकांना सांगावं लागलं होतं.

हे फक्त हंट्सव्हिलचं नाही. चॅटनूगाला फोक्सवॅगन, ग्रीनव्हिल-स्पार्टनबर्गला बीएमडब्ल्यू आणि मिशेलिन, नॉक्सव्हिलला ओक रिजची प्रयोगशाळा. या आकाराचं प्रत्येक शहर एक-दोन खांबांवर उभं असतं. हंट्सव्हिलचा खांब म्हणजे वॉशिंग्टनचं बजेट. अपोलो संपल्यावर सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला इथल्या हजारो इंजिनियरांची कामं गेली. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकार त्रेचाळीस दिवस बंद होतं, तेव्हा इथल्या कितीतरी घरांत पगार अडकले होते. तुमच्या नवऱ्याची कंपनी त्यात थेट नसली तरी घराची किंमत, शाळेचा निधी, रेस्टॉरंटची गर्दी सगळं त्याच खांबाला बांधलेलं आहे.

मग चांगलं काय? चांगलं पुष्कळ आहे. कामावरून सुटल्यावर वीस मिनिटांत माँटे सानोच्या डोंगरावर झाडीत चालता येतं. मुलं अंगणात खेळतात. वेळ मिळतो, आणि तो रोज मिळतो. रॉकेट बनवणारी माणसं मुलाच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून येतात. टेनेसी नदीवर संध्याकाळी होड्या असतात. मी या भागात राहते ती नाइलाजाने नाही.

माझं मत विचारलंत म्हणून सांगते: तुमचं काम रिमोट राहणार असेल आणि पर्मची तारीख लेखी मिळाली, तर या. दोन्हींपैकी एक जरी झालं नाही, तर पंधरा टक्के कमी पगारावर येऊ नका, घर कितीही मोठं मिळो.

ठरवण्याआधी एकदा येऊन जा, पण एप्रिलच्या वीकेंडला नको, तेव्हा शहर फुलांनी भरलेलं असतं. जून-जुलैत, मंगळवार ते शुक्रवार या, दमट उकाड्यात. कोकणातला मे महिना आठवेल. दुपारी साडेतीन-चारला रेडस्टोनच्या गेट नऊबाहेर, रिसर्च पार्क बुलेवार्डवर गाडी घेऊन थांबा. तळावरची सुट्टी झाली की तो रस्ता कसा भरतो ते बघा, मग ज्या घराचा विचार करताय तिथपर्यंत त्याच गर्दीत गाडी चालवा. किराणा आणा, भाजी कुठे मिळते पाहा, संध्याकाळी देवळात जाऊन बसा. मुलीला बरोबर आणा आणि हायस्कूलच्या समुपदेशकाशी तिला स्वतःला बोलू द्या.

ऑफरला उत्तर द्यायची मुदत दोन आठवड्यांनी वाढवून मागा, बहुतेक कंपन्या देतात. आणि करारातलं स्थलांतर खर्चाचं कलम नीट वाचा. एक-दोन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर तो खर्च परत द्यावा लागेल असं त्यात असतं. पण कंपनीनेच काढलं तरीही परत द्यायचा का, हे बऱ्याचदा मोघम ठेवलेलं असतं. कंपनीने काढल्यास परतफेड नाही, हे वाक्य त्यात घालून घेतल्याशिवाय सही करू नका.